आठवड्याला एक उड्डाण: स्पेस शटलचा हिशेब कुठे फसला

दोन आकडे शेजारी ठेवून सुरुवात करतो. १९७२ साली नासाने अंदाज दिला होता की स्पेस शटलच्या, म्हणजे माणसं आणि सामान अंतराळात नेऊन परत येणाऱ्या अमेरिकी यानाच्या, एका उड्डाणाला साधारण १ कोटी ५ लाख डॉलर पडतील. २०११ साली शेवटचं शटल उतरलं, तेव्हा चार दशकांचा सगळा खर्च १३५ उड्डाणांवर वाटला, तर प्रत्येक उड्डाणाच्या वाट्याला दीड अब्ज डॉलरच्या आसपास आले. महागाई धरली तरी पहिला आकडा २०१०च्या भावाने सहा कोटींच्या आतच राहतो. म्हणजे फरक पंचवीसपटीच्या घरातला.

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. हिशेब करणारी माणसं आपल्या कामात निष्णात होती, चर्चा दोन-अडीच वर्षं चालली, कागद चोख होते. तरीही उत्तर इतकं चुकलं. पुन्हा वापरता येणाऱ्या यानांचा विषय आता भारतातही निघाला आहे, तेव्हा ही चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली हे पाहायलाच हवं.

पार्श्वभूमी

जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्याच सुमाराला नासाचं अंदाजपत्रक मात्र झपाट्याने उतरणीला लागलं होतं. १९६६मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या एकूण खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांच्या वर होता, तो काही वर्षांत निम्म्याखाली आला. सप्टेंबर १९६९मध्ये उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या समितीने पुढचा आराखडा दिला: अंतराळस्थानक, तिथे ये-जा करणारं शटल, पुढे मंगळ. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यातलं बहुतेक सगळं बाजूला सारलं.

इथे पहिला पेच आला. शटलची कल्पना निघाली होती ती स्थानकाला माणसं आणि सामान पोचवणारी गाडी म्हणून. स्थानकच रद्द झालं, तर गाडी कशासाठी? नासाच्या हाती एकच उत्तर उरलं. ही गाडी सगळ्यांचंच सामान नेईल: हवाई दलाचे टेहळणी उपग्रह, हवामानाचे, दळणवळणाचे, शास्त्रज्ञांच्या दुर्बिणी. आणि ती इतकी स्वस्त नेईल की फेकून द्यायच्या रॉकेटांची गरजच राहणार नाही.

त्या दिवसापासून शटलचं समर्थन अर्थशास्त्राच्या खांद्यावर आलं. देशाची प्रतिष्ठा, संशोधन, माणसाने अंतराळात जात राहावं की नाही, हे प्रश्न मागे पडले. मला हाच या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही बैठकीच्या इतिवृत्तात सापडत नाही.

प्रश्न काय होता

अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रक कार्यालयाने नासाला सांगितलं: स्वस्त पडेल म्हणता, तर सिद्ध करून दाखवा. आजचे पैसे उद्याच्या बचतीसाठी गुंतवायचे असतील, तर त्यावर वर्षाला दहा टक्के परतावा सुटला पाहिजे, ही त्यांची अट. सरकारी प्रकल्पासाठी ही अट कडक होती. दहा वर्षांनी वाचणारा एक डॉलर या हिशेबात आज चाळीस सेंटपेक्षाही कमी मोलाचा ठरतो.

प्रिन्स्टनमधल्या मॅथेमॅटिका या सल्लागार संस्थेकडे काम सोपवलं गेलं. प्रमुख होते ऑस्कर मॉर्गेनस्टर्न, गणिती खेळसिद्धांताच्या दोन जनकांपैकी एक, आणि त्यांच्याबरोबर क्लाउस हाइस. अभ्यास प्रामाणिक होता, हे आवर्जून सांगायला हवं. मे १९७१च्या अहवालाने नासाला हवं तसं निखळ प्रमाणपत्र दिलं नाही. गणित बसतं, पण उड्डाणं भरपूर झाली तरच, हा त्याचा मथितार्थ. भरपूर म्हणजे वर्षाला काही डझन.

असं का, हे समजायला एसटीचा डेपो डोळ्यांसमोर आणा. गाडी उभी राहिली तरी चालक-वाहकाचा, मेकॅनिकचा, आगारप्रमुखाचा पगार सुरूच असतो. दिवसाला दहा फेऱ्या झाल्या तर तो पगार दहा फेऱ्यांवर वाटला जातो. एकच झाली तर सगळा भार त्या एका फेरीवर. पुन्हा वापरायचं यान म्हणजे असाच डेपो. फेकून द्यायच्या रॉकेटात बराच खर्च त्या त्या रॉकेटाचा असतो, त्यामुळे उडालंच नाही तर तितका वाचतो. पुन्हा वापरायच्या यानात हँगर, तपासणी करणारे हजारो लोक, सुटे भाग, प्रशिक्षण हे सगळं आधीच उभं करावं लागतं आणि रोज पोसावं लागतं.

अहवालातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बचतीतला मोठा हिस्सा उड्डाणाच्या भाड्यातून येणारच नव्हता. तो येणार होता उपग्रहांच्या किमतीतून. उपग्रह बिघडला तर शटल जाऊन दुरुस्त करेल किंवा परत आणेल. मग तो इतका नाजूक, हलका आणि महाग कशाला बनवायचा? साधा, जड, स्वस्त बनवा. कागदावर ही गोष्ट पटण्यासारखीच होती.

कोणते पर्याय तोलले गेले

नासाला मनापासून हवं होतं ते संपूर्ण पुन्हा वापरता येणारं दोन टप्प्यांचं यान. खालचा टप्पा जंबो जेटच्या आकाराचा, त्यात वैमानिक. वरचा टप्पा त्याच्या पाठीवर. दोन्ही विमानासारखे धावपट्टीवर उतरणार. काहीच फेकायचं नाही. विकासाचा खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर. मे १९७१मध्ये अंदाजपत्रक कार्यालयाने कळवलं की नासाच्या वार्षिक रकमेत वाढ होणार नाही. म्हणजे व्यवहारात पाच अब्जांच्या आसपास काय बसतं ते बघा.

दुसरं टोक म्हणजे काहीच नवं न करणं: टायटनसारखी रॉकेटं चालू ठेवायची. मधला मार्ग म्हणून एक छोटं पंखांचं यान जुन्या रॉकेटावर बसवायचं, ही कल्पनाही टेबलावर होती. आणि टप्प्याटप्प्याने जाण्याचा विचारही झाला: आधी एक भाग बनवू, दुसरा पैसे येतील तसा. यात कुठला भाग आधी, या प्रश्नावर मी पुढे परत येणार आहे.

शेवटी जो आराखडा टिकला तो तडजोडीचा. माणसं आणि सामान नेणारं ऑर्बिटर परत येणार. इंधनाची प्रचंड टाकी दर वेळी फेकून द्यायची. सुरुवातीला जोर देणारी बाजूची दोन रॉकेटं, म्हणजे बूस्टर, समुद्रात पॅराशूटने पडणार, तिथून ओढून आणायचे. मॅथेमॅटिकाच्या पुढच्या अहवालानेही याच प्रकारच्या रचनेला कौल दिला: विकासखर्च निम्मा, फेरीचा खर्च थोडा जास्त.

दरम्यान हवाई दलाची अट येऊन बसली होती. सगळ्या देशाचं सामान एकाच गाडीतून न्यायचं तर लष्कराचं सामान हवंच; त्याशिवाय वर्षाला काही डझन उड्डाणं भरणार कशी? हवाई दलाने सांगितलं: सामानाचा कक्ष १८ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद हवा, वजन २९ टनांपर्यंत, आणि परतताना मूळ मार्गापासून बाजूला २,००० किलोमीटरपर्यंत सरकून उतरता आलं पाहिजे. ही शेवटची अट कॅलिफोर्नियातून उडून, पृथ्वीला एकच फेरी मारून, तिथेच परत उतरण्याच्या मोहिमेसाठी होती. तेवढ्या वेळात खालची पृथ्वी पूर्वेकडे सरकलेली असते. नासाच्या ह्यूस्टन केंद्रातले अभियंते मॅक्स फाजे यांनी आखलेले छोटे सरळ पंख त्यासाठी पुरेनात. मोठे त्रिकोणी पंख आले, त्यांच्याबरोबर वजन आलं, आणि जास्त वेळ जास्त उष्णता सोसणारं कवच आलं. नाकापेक्षा मोती जड झाला. विकासाच्या खर्चाचा भार मात्र नासावरच राहिला. ती एका फेरीची मोहीम पुढे कधीच उडाली नाही. कॅलिफोर्नियात शटलसाठी बांधलेल्या तळावरून एकही शटल सुटलं नाही.

निर्णय

१९७१च्या ऑगस्टमध्ये अंदाजपत्रक कार्यालयाचे उपसंचालक कॅस्पर वाइनबर्गर यांनी निक्सनना एक टिपण पाठवलं. नासाला आणखी कापलं तर आपले चांगले दिवस सरले असा संदेश जाईल, असा त्यांचा सूर होता. निक्सननी त्यावर सहमतीचा शेरा मारला. १९७२ हे निवडणुकीचं वर्ष, आणि कॅलिफोर्नियात विमानउद्योगातल्या नोकऱ्या जात होत्या. डिसेंबरात कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी लहान कक्षाच्या, कमी वजन नेणाऱ्या शटलचा आग्रह धरून पाहिला. नासाचे प्रमुख जेम्स फ्लेचर आणि त्यांचे सहकारी जॉर्ज लो अडून राहिले आणि पूर्ण आकार मंजूर झाला. ५ जानेवारी १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटेमध्ये निक्सननी घोषणा केली.

मार्चमध्ये आणखी एक निवड झाली: बूस्टर द्रव इंधनाचे की घन इंधनाचे? द्रव इंधनाचे बनवायला महाग, चालवायला स्वस्त. घन इंधनाचे बनवायला स्वस्त, दर फेरीला महाग. वरून वार्षिक खर्चाची मर्यादा ठरलेली, त्यामुळे घन इंधन जिंकलं. विकासखर्चाचा अंदाज ५.१५ अब्ज डॉलर झाला, फेरीचा खर्च त्या १ कोटी ५ लाखांवर. गृहीत धरलेली उड्डाणं: बारा वर्षांत पाचशेहून अधिक, म्हणजे जवळपास आठवड्याला एक.

या निवडीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक वेळी आजचा खर्च कमी करण्यासाठी उद्याचा वाढवला गेला. स्वस्त चालवण्यासाठी जे यान बांधायचं होतं, त्याच्या बांधकामात चालवण्याच्या खर्चाला वालीच नव्हता.

प्रत्यक्षात काय घडलं

विकासखर्च वाढला, पण दुपटीवर गेला नाही. अशा प्रकल्पाच्या मानाने ते वाईट नव्हे. पहिलं उड्डाण मात्र १९७०च्या दशकाच्या अखेरीऐवजी १२ एप्रिल १९८१ला झालं. खरा घाव बसला उड्डाणं सुरू झाल्यावर.

ऑर्बिटरच्या कवचाची एकच फरशी घ्या. शुद्ध वाळूच्या धाग्यांची, आतून बहुतांश हवाच. हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी. अंतराळात गेलेल्या पहिल्या ऑर्बिटरवर, कोलंबियावर, अशा सुमारे ३१ हजार होत्या. शरीराच्या वळणाप्रमाणे जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला तिचा क्रमांक. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थेट चिकटवली तर तडकते, म्हणून मध्ये नमद्याचा थर. उड्डाणानंतर प्रत्येक फरशी तपासायची. पाणी शिरून जड होऊ नये म्हणून तिच्यातल्या बारीक छिद्रातून जलरोधक रसायन भरायचं. ते परततानाच्या उष्णतेत जळून जातं, म्हणून पुढच्या उड्डाणाआधी पुन्हा भरायचं. मार्च १९७९मध्ये कोलंबिया फ्लोरिडातल्या प्रक्षेपणतळावर पोचलं, तेव्हा हजारो फरशा बसवायच्या राहिल्या होत्या. १९७२च्या हिशेबात दोन उड्डाणांमधल्या कामाला दोनच आठवडे धरले होते. त्या दोन आठवड्यांत या फरशीला जागाच नव्हती.

बूस्टरचंही तसंच. अटलांटिकमध्ये पडलेली ती नळकांडी दोन जहाजं ओढून आणत. खाऱ्या पाण्यातून काढून, धुऊन, सुटे करून भाग रेल्वेने युटा राज्यातल्या कारखान्यात जात, इंधन भरून पुन्हा फ्लोरिडाला येत. ‘पुन्हा वापर’ हा शब्द खरा, पण त्यात वाचलेला पैसा फार थोडा.

एकाच ऑर्बिटरची लागोपाठची दोन उड्डाणं सगळ्यात जवळ आली ती १९८५मध्ये, अटलांटिसची: ५४ दिवस. त्याच वर्षी उड्डाणांचा विक्रम झाला, वर्षात ९. आठवड्याला एकच्या हिशेबात ही मजल सहाव्या हिश्श्याच्या आसपास.

तरीही चौथ्या उड्डाणानंतर, ४ जुलै १९८२ला, चाचण्या संपल्या, यान आता नियमित सेवेत आलं असं जाहीर झालं होतं. गिऱ्हाइकांसाठी युरोपच्या एरियानशी स्पर्धा होती, म्हणून भाडं खर्चापेक्षा खूप कमी लावलेलं. वेळापत्रक भरायचा दबाव वाढत गेला. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर फुटलं, सात जण गेले. चौकशी आयोगाने बूस्टरच्या जोडातल्या रबरी कड्याबरोबर या दबावाकडेही बोट दाखवलं. हिशेबातला तो उड्डाणांचा आकडा कागदावरून उतरून प्रक्षेपणतळावरच्या माणसांच्या डोक्यावर बसला होता. हे वाचताना दर वेळी पोटात कालवतं.

त्याच वर्षी व्यावसायिक उपग्रह शटलवरून नेणं बंद झालं. हवाई दलाने तर अपघाताआधीच स्वतःची टायटन रॉकेटं राखून ठेवायची तजवीज केली होती. ज्या सामानाच्या भरवशावर सगळं गणित उभं होतं, ते निघून गेलं. डेपो मात्र तसाच राहिला. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया कोसळलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्यानंतर जुलै २००५पर्यंत एकही उड्डाण झालं नाही, पण वर्षाला अब्जावधी डॉलर जातच राहिले.

आपलाही यात थोडा संबंध आहे. ३० ऑगस्ट १९८३च्या रात्री चॅलेंजरने आपला इन्सॅट-१बी नेला. घराघरांत दूरदर्शन पोचलं ते या उपग्रहाच्या जोरावर. इन्सॅट-१सी देखील शटलवरूनच, भारतीय अंतराळवीरासह जायचा होता. चॅलेंजरनंतर ते रद्द झालं, आणि १९८८मध्ये तो एरियानवरून गेला.

उपग्रह परत आणून पैसे वाचवायच्या कल्पनेचं काय झालं? नोव्हेंबर १९८४मध्ये डिस्कव्हरीने भरकटलेले दोन उपग्रह खरोखर पकडून आणले, इंडोनेशियाचा पालापा बी-२ आणि अमेरिकेचा वेस्टार-६. अंतराळवीरांनी पाठीवरच्या यंत्राने तरंगत जाऊन ते धरले. धैर्याचं आणि कौशल्याचं कामच. दोन्ही उपग्रह दुरुस्त होऊन एप्रिल १९९०मध्ये पुन्हा वर गेले: एक अमेरिकेच्या डेल्टा रॉकेटावरून, दुसरा चीनच्या लाँग मार्चवरून. दोन्ही रॉकेटं एकदाच वापरून फेकायची.

वेगळं काय करता आलं असतं

शटल फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. डिसेंबर १९९३मध्ये हबल दुर्बिणीला चष्मा बसवून आलं ते शटल. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक बहुतांशी त्याच्या सामानकक्षातून उभं राहिलं. पण १९७१च्या अहवालात धरलेली बचत यातून झाली नाही.

माझ्या मते पहिली दुरुस्ती मागणीच्या आकड्यात हवी होती. यान परवडायला किती उड्डाणं लागतील हे आधी निघालं आणि मग तितकं सामान गोळा करायला नासा हवाई दलाच्या दारात गेली. क्रम उलटा हवा होता: आज किती उडतं, ते मोजा, त्यावर यान आखा.

दुसरी गोष्ट त्या जुन्या प्रश्नाची, कुठला भाग आधी. कक्षेतून परतणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर असतो. खालचा टप्पा सुटतो तो साधारण २ किलोमीटरला. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ऑर्बिटरला प्रत्येक किलोमागे पंधरापट ऊर्जा जिरवावी लागते. शटलने सगळ्यात अवघड भाग वाचवायला घेतला आणि सोपा भाग समुद्रात टाकला. माणसं ऑर्बिटरमध्ये बसणार होती, म्हणून त्याला पहिला मान मिळाला, हे समजण्यासारखं आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने खालचा टप्पा आधी यायला हवा होता.

पुढे स्पेसएक्सने तेच केलं. फाल्कन-९ आधी साधं, फेकून द्यायचं रॉकेट म्हणून गिऱ्हाइकांचं भाडं घेत उडत राहिलं. उपग्रह मार्गी लागला की उरलेल्या इंधनावर उतरण्याचे प्रयोग; ते फसले तरी गिऱ्हाइकाचं काही बिघडत नव्हतं. डिसेंबर २०१५मध्ये पहिला टप्पा जमिनीवर उतरला, मार्च २०१७मध्ये तसाच एक टप्पा दुसऱ्यांदा उडाला. वरचा टप्पा आजही फेकलाच जातो. दोन-तीन उड्डाणांत खर्च भरून निघतो असं इलॉन मस्क म्हणतात. प्रतिस्पर्धी कंपनी युनायटेड लाँच अलायन्सचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो दहा सांगायचे. वाद अजूनही उड्डाणांच्या संख्येवरच येऊन थांबतो. आणि ती संख्या भरली ती बाहेरच्या बाजारातून नव्हे, तर बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांनी. २०२४मध्ये फाल्कनची १३०हून अधिक उड्डाणं झाली. हे स्वतःचं सामान नसतं, तर त्या टप्प्यांचा हिशेबही कितपत बसला असता, याची मला शंका आहे.

तिसरी दुरुस्ती थांब्यांची. १९७२नंतर ‘फरशी दोन आठवड्यांत तपासून होत नाही, मग गणित पुन्हा मांडू’ असं म्हणायची जागाच ठेवली नव्हती. एकच नमुनायान बांधून, चार-पाच वेळा उडवून, मग ताफा आणि भाडेपत्रक ठरवता आलं असतं.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली: ८,२४० कोटी रुपये, पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत वजन, पहिला टप्पा पुन्हा वापरायचा. खालच्या टप्प्यापासून सुरुवात, ही निवड मला मनापासून पटते. पण आपल्याकडे सगळे प्रक्षेपक मिळून वर्षात दहा उड्डाणंही अजून झालेली नाहीत. वर्षाला दोनच उड्डाणं झाली तर फेरी किती रुपयांना पडेल, पाच झाली तर किती, वीस झाली तर किती, या तीन ओळी मला या प्रक्षेपकाच्या खर्चाच्या तक्त्यात वाचायच्या आहेत, आणि त्यातली पहिली सगळ्यात आधी.